विज्ञानाच्या उत्तरांना गुण देताना
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आपल्या राज्यात 2023 च्या निर्णयाने पाचवी व आठवीच्या वर्गांना वार्षिक परीक्षा आली. तीत जो उत्तीर्ण होत नाही, त्याला पुनर्परीक्षा द्यावी लागते व तेथेही अपयश आले तर त्याच वर्गात राहावे लागते. म्हणून आपल्या लाल शाईच्या एका गुणाचे मोल आता फार वाढले आहे.

हा गुण देण्यात आपण किती स्थिर असतो? 1913 साली अमेरिकेत स्टार्च व इलियट या संशोधकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरांहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. तिला मिळालेल्या गुणांत फार मोठी तफावत आढळली. भूमितीची ही गत, तर सजीवसृष्टीवरील वर्णनात्मक उत्तरांची काय कथा?

उदाहरण घेऊ. 'वनस्पती आपले अन्न कसे तयार करतात?' असा 3 गुणांचा प्रश्न आहे. एक मुलगा मोत्यासारख्या अक्षरात लिहितो, 'प्रकाशसंश्लेषण ही अत्यंत महत्त्वाची क्रिया असून बहुतेक सर्व सजीव तिच्यावर अवलंबून असतात.' दुसरी मुलगी वेड्यावाकड्या अक्षरात लिहिते, 'झाडाचं पान उन्हात हवेतला कार्बन डायऑक्साइड नि मुळातून आलेलं पाणी घेतं अन् साखर बनवतं.' घाईत तपासणारा पहिल्यास 2 व दुसरीस 1 देऊन मोकळा होतो.

आता तपासणीपूर्वीच उत्तराचे मुद्दे लिहून ठेवले असते तर? सूर्यप्रकाश व हरितद्रव्य, 1 गुण. पाणी व कार्बन डायऑक्साइड, 1 गुण. शर्करा तयार होणे व ऑक्सिजन बाहेर पडणे, 1 गुण. या मापाने मुलीस अर्धा, एक व अर्धा मिळून 2 गुण मिळतात. मुलाचे वाक्य खरे असले, तरी विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. त्यास शून्यच द्यावे लागते.

बोलीभाषेसाठी गुण कापू नयेत. फुलपाखराच्या जीवनचक्रात 'अळी'ऐवजी कोणी 'सुरवंट' लिहिले, तर ते बरोबरच आहे. आकृतीत सौंदर्य न पाहता भाग योग्य जागी आहेत की नाहीत व नावे बरोबर आहेत की नाहीत, एवढेच पाहावे. परंतु 'वनस्पती फक्त रात्री श्वसन करतात' असे कोणी सुरेख भाषेत लिहिले, तरी ते चूकच. वनस्पतींचे श्वसन अहोरात्र चालते. ही चूक अर्ध्या वर्गाने केली असेल, तर तो पाठ आपणच पुन्हा शिकवावयास हवा.

तपासताना प्रथम चार-पाच उत्तरपत्रिका नुसत्या वाचाव्यात आणि मुद्द्यांत न आलेली पण योग्य अशी उत्तरे यादीत घालावीत. मग सर्वांचा पहिला प्रश्न, नंतर सर्वांचा दुसरा, या क्रमाने जावे. नाव शक्यतो दुमडून ठेवावे. हुशार म्हणून ठरलेल्या मुलास आपला हात नकळत सैल सुटतो. शेवटी आरंभीच्या काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहाव्यात, कारण सकाळचे माप व सायंकाळचे माप एक राहत नाही. जेथे शिक्षक एकटा आहे, तेथे शेजारच्या शाळेशी पाच उत्तरपत्रिकांची अदलाबदल करून गुण ताडून पाहावेत.

मुलाला 'मला इतकेच का?' असे विचारण्याचा अधिकार आहे. त्याच्यापुढे मुद्द्यांचा कागद ठेवून उत्तर देता आले, म्हणजे आपले गुणांकन न्याय्य झाले असे समजावे.