साक्षात्कार आणि परतीची वाट

अलौकिक अनुभवाविषयी बोलताना आपण बहुधा त्या क्षणाचेच वर्णन करतो. दुसऱ्या दिवसाची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः माणसाची खरी परीक्षा त्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. या दृष्टीने कलकत्त्याच्या ठाकूर घराण्यातील पितापुत्रांचे अनुभव विचारात घेण्याजोगे आहेत. दोघांनीही ते आपापल्या आत्मकथनांत सांगून ठेवले आहेत.

देवेंद्रनाथ ठाकूर (१८१७–१९०५) हे द्वारकानाथांसारख्या धनाढ्य पित्याचे पुत्र. ऐन तारुण्यात, आजीच्या अंतकाळी, ते निमतला घाटावर एका साध्या चटईवर बसले होते. चांदणे पडले होते, जवळच नामसंकीर्तन चालले होते. एकाएकी त्यांची ऐश्वर्याची आसक्ती गळून पडली. ती चटईच आपल्याला शोभणारी आहे असे वाटले आणि मन अपूर्व आनंदाने भरून गेले. आजीच्या निधनानंतर त्यांनी तो आनंद पुन्हा मिळविण्याचा आटोकाट प्रयत्न केला. पण तो गवसेना. त्याच्या जागी घोर विषाद आला. त्या विषादातूनच ते उपनिषदांच्या अध्ययनाकडे आणि पुढे १८४३ साली ब्राह्मसमाजाकडे वळले.

व्यवहारानेही त्यांना सोडले नाही. १८४६ साली पिता निवर्तले, लवकरच पेढी बुडाली आणि कर्जाचा भार शिरावर आला. तो भार त्यांनी नाकारला नाही. १८५६ साली मात्र गृहत्याग करून ते हिमालयाच्या दिशेने निघाले. सिमल्याच्या परिसरात राहत असताना एकदा ते एका डोंगरी नदीचा ओघ पाहत होते. येथे इतके निर्मळ असणारे हे पाणी खाली का धावते? सपाटीवर ते गढूळ होणार, हे तर ठरलेलेच. पण ते खाली उतरल्यावाचून भूमी सुपीक होत नाही. ‘तूही अहंकार सोडून खाली जा’ अशा आशयाची आज्ञा त्यांना अंतःकरणात जाणवली. १८५८ साली ते कलकत्त्यास परतले.

रवींद्रनाथांचा अनुभव १८८२ च्या सुमाराचा, सदर स्ट्रीटवरील घरातला. सकाळी झाडांआडून सूर्य वर येत असताना डोळ्यांवरचा पडदा दूर व्हावा तसे सारे जग आनंदाने उजळून निघाले. रस्त्याने जाणारे हमालही त्यांना विलक्षण सुंदर दिसू लागले. एरवी ज्याच्या येण्याने कंटाळा यावयाचा, तो गृहस्थही त्या दिवशी हवासा वाटला. पुढे ते दार्जिलिंगला गेले. शहराच्या गर्दीत जे दिसले, ते हिमालयात अधिकच स्पष्ट दिसेल, अशी त्यांची अपेक्षा होती. तेथे गेल्यावर कळून आले, की ती दृष्टीच हरपली आहे.

पित्याला पर्वताने खाली पाठविले. पुत्राला पर्वतावर काहीच मिळाले नाही. दोन्हींचा बोध एकच आहे. असा अनुभव तिजोरीत ठेवण्याचा ठेवा नव्हे, आणि उंच जागी गेल्याने तो वाढतो असेही नाही.

पुढे रवींद्रनाथ कारवारला, म्हणजे तत्कालीन मुंबई इलाख्यात, न्यायाधीश असलेले बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे राहावयास आले. तेथे त्यांनी ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक लिहिले. ते १८८४ साली प्रसिद्ध झाले. सारे पाश तोडल्याचा अभिमान वाहणारा एक संन्यासी त्यात आहे. एक अनाथ, अस्पृश्य मानली गेलेली मुलगी त्याच्या आश्रयास येते. मायेच्या भयाने तो तिला टाकून जातो. अखेर तो परततो, तेव्हा ती मरण पावलेली असते. परतीला झालेल्या विलंबाची किंमत येथे दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते, हे विसरता येत नाही.

रवींद्रनाथांनी असा विलंब केला नाही. १८८३ च्या डिसेंबरात त्यांचा विवाह झाला आणि काही वर्षांनी शिलाईदहच्या जमीनदारीचा कारभार त्यांच्याकडे आला. रयतेची गाऱ्हाणी, साऱ्याचे हिशेब, पद्मेचे पूर यांतच त्यांचे कितीतरी लेखन झाले. सदर स्ट्रीटवरील ती सकाळ पुन्हा तशीच उगवली नाही. परंतु त्या सकाळी जे हमाल सुंदर दिसले होते, त्यांच्यासारख्याच कष्टकरी माणसांची सुखदुःखे पुढे त्यांच्या कथांतून आली. अनुभव खरा होता की नाही, हे ओळखण्याची याहून भरवशाची खूण सापडणे कठीण आहे.