वैद्यकाचे ज्ञान आणि कायद्याचा मसुदा

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराचा जमाखर्च आणि रुग्णसेवेची आकडेवारी छापील स्वरूपात आपल्या हाती आहे. ती येथे पुन्हा वाचून दाखवण्याचे प्रयोजन नाही. यंदा अध्यक्ष महोदयांनी आम्हांस एका निराळ्या विषयावर बोलण्याची सूचना केली. रुग्णालयातील डॉक्टरांनी आरोग्यविषयक धोरणाचे शिक्षण घ्यावे काय, आणि घ्यावयाचे तर त्याचे स्वरूप कसे असावे, हा तो विषय. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. रोगाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र रुग्णालयाचा पैसा कोणत्या नियमाने येतो आणि कोणत्या नियमाने अडतो, हे पाहण्यात आमची उमेद खर्ची पडली आहे. त्या अनुभवाच्या आधारे अमेरिकेतील एका वैद्यकीय शाखेचे उदाहरण आपणांपुढे ठेवत आहोत.

ही शाखा म्हणजे ऑस्टिओपॅथी. नावावरून हे हाडांचे डॉक्टर असावेत असा समज होतो, आणि ऑर्थोपेडिक या शब्दाशी गल्लत तर हमखास होते. इंग्लंडमध्ये ऑस्टिओपॅथ म्हणजे हाताने सांधे व स्नायूंवर उपचार करणारा. अमेरिकेत मात्र डी.ओ. ही पदवी घेतलेला डॉक्टर हा पूर्णार्थाने वैद्य आहे. तो औषधे लिहितो, शस्त्रक्रिया करतो, प्रसूती करतो. हस्तोपचाराचे शिक्षण त्यास जादा मिळते, इतकेच. आज अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक विद्यार्थी या शाखेच्या महाविद्यालयांत आहेत, आणि त्यांतून बाहेर पडणारे पुष्कळ जण कुटुंबवैद्य म्हणून काम करतात.

अँड्र्यू टेलर स्टिल या वैद्याने १८७४ साली हा विचार प्रथम मांडला. १८६४ साली त्यांची तीन मुले मेंदूच्या आवरणाच्या दाहाने दगावली होती. त्या काळच्या जालीम औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला तो कायमचाच. १८९२ साली मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल या लहानशा गावी त्यांनी महाविद्यालय काढले. पुढील इतिहास मोठा आहे. आमच्या विषयापुरते सांगावयाचे तर, या शाखेने आपला अभ्यासक्रम क्रमाक्रमाने इतर वैद्यकीय महाविद्यालयांच्या तोडीस आणला, आणि तरीही तिला कायद्याच्या दारात दीर्घकाळ ताटकळावे लागले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने या डॉक्टरांना वैद्यकीय अधिकारी म्हणून घेतले नाही. ते दार उघडण्यास १९६६ साल उजाडावे लागले. सर्व राज्यांत संपूर्ण व्यवसायाचा हक्क मिळण्यास १९७३ साल आले.

(आपल्याकडील वैद्यकीय पद्धतींच्या वादाशी याची तुलना करण्याचा मोह श्रोत्यांस होईल. तो आवरावा. त्या शाखेने आधी अभ्यासक्रम बदलला आणि मग हक्क मागितले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.)

आता १९६२ सालच्या कॅलिफोर्नियाकडे वळू. तेथील ऑस्टिओपॅथिक संघटना आणि एम.डी. डॉक्टरांची राज्य संघटना यांच्यात १९६१ साली करार झाला. लॉस एंजेलिस येथील ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयाचे रूपांतर एम.डी. पदवी देणाऱ्या महाविद्यालयात झाले. राज्यातील दोन हजारांहून अधिक डी.ओ. डॉक्टरांनी ६५ डॉलर शुल्क भरले आणि त्यांना एम.डी. पदवी मिळाली. नवी परीक्षा नाही. पुढे १९६२ च्या नोव्हेंबरात मतदारांपुढे प्रस्ताव आला आणि तो मंजूर झाल्याने नव्या डी.ओ. डॉक्टरांना परवाना देणे बंद झाले. एका मोठ्या राज्यातून एक वैद्यकीय शाखा जवळजवळ पुसली गेली.

या ६५ डॉलरांचा विचार हिशेबनिसाच्या मनात घोळत राहतो. तेवढ्या शुल्कात माणूस एम.डी. होत असेल, तर दोन्ही शिक्षणांत मुळात अंतर किती होते? पुढील काळात ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांनी नेमका हाच मुद्दा इतर राज्यांत मांडला. १९७४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील परवान्यांचे दार पुन्हा उघडून दिले. मधल्या बारा वर्षांत ज्या तरुणांनी ही पदवी घेतली, त्यांना त्या राज्यात नव्याने परवाना मिळत नव्हता. त्यांच्या हातचे कौशल्य कमी झाले होते काय? मुळीच नाही. मात्र मतपत्रिकेवरील मजकूर लिहिणारे हात दुसऱ्यांचे होते.

याच्या अगदी उलट गोष्ट ओहायो राज्यात घडली. तेथे कुटुंबवैद्यांची टंचाई होती, म्हणून १९७५ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ओहायो विद्यापीठात ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय स्थापन केले. अथेन्स हे ते गाव, अ‍ॅपलाशियन डोंगराळ भागाच्या कडेला. कायद्याने एके ठिकाणी महाविद्यालय नाहीसे झाले आणि दुसऱ्या ठिकाणी कायद्यानेच उभे राहिले. या दोन घटनांत अंतर केवळ तेरा वर्षांचे.

ओहायोतील या महाविद्यालयाच्या अधिष्ठातापदी १९९३ साली डॉ. बार्बरा रॉस-ली आल्या. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता होणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. सुप्रसिद्ध गायिका डायना रॉस यांच्या त्या भगिनी, ही ओळख बहुधा आधी सांगितली जाते. आम्हांस त्यांची दुसरी ओळख अधिक मोलाची वाटते. महाविद्यालयीन काळात, स्त्रियांनी डॉक्टर होऊ नये असे मत असलेल्या सल्लागाराने त्यांची वाट अडवली. त्या शिक्षिका झाल्या. नंतर मिशिगनमध्ये नवे ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय निघाले, तेथे त्यांना प्रवेश मिळाला. मुले लहान, पती सोबत नाही. आईने मदत केली. १९७३ साली पदवी घेऊन त्यांनी डेट्रॉइट शहरात १९८४ पर्यंत एकटीने कुटुंबवैद्य म्हणून दवाखाना चालवला. त्यानंतर त्या अध्यापनाकडे वळल्या.

१९९१ साली रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठानाच्या आरोग्यधोरण फेलोशिपसाठी त्यांची निवड झाली. या शाखेतील डॉक्टरास हा मान प्रथमच मिळत होता. या फेलोशिपमध्ये डॉक्टराने वॉशिंग्टनला जाऊन लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात प्रत्यक्ष काम करावयाचे असते. डॉ. रॉस-ली यांनी सिनेटर बिल ब्रॅडली यांच्या कार्यालयात आरोग्यविषयक साहाय्यक म्हणून काम केले. दवाखान्यात एका वेळी एक रुग्ण समोर असतो. विधेयकाच्या मसुद्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला की लक्षावधी रुग्ण आत येतात किंवा बाहेर राहतात. ही जाणीव पुस्तकातून येते त्याहून निराळ्या रीतीने तेथे येत असणार.

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातच ऑस्टिओपॅथिक शाखेने स्वतःची आरोग्यधोरण फेलोशिप सुरू केली. ओहायो विद्यापीठ व न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील महाविद्यालये आणि या शाखेची राष्ट्रीय संघटना यांचा तीत वाटा राहिला. डॉ. रॉस-ली यांनी तिचे संचालन केले. २००१ साली त्या न्यूयॉर्कच्या संस्थेत गेल्या.

या फेलोशिपची रचना प्रशासकाच्या दृष्टीने फार व्यवहारी आहे. मुदत एक वर्षाची. डॉक्टराने नोकरी वा दवाखाना सोडावयाचा नाही. ठरावीक कालावधीने काही दिवस एकत्र जमावयाचे व मधल्या काळात अभ्यास करावयाचा. कायदा कसा होतो, केंद्राचा अधिकार कोठे संपतो व राज्याचा कोठे सुरू होतो, वृद्धांसाठीची मेडिकेअर व गरिबांसाठीची मेडिकेड या योजनांचा पैसा कसा वाहतो, हे शिकावयाचे. आणि धोरण-टिपण लिहावयाचे. प्रश्न काय, पुरावा काय, पर्याय कोणते, प्रत्येकाचा खर्च किती आणि आपली शिफारस कोणती, हे लोकप्रतिनिधीस घाईतही वाचता येईल अशा थोडक्या शब्दांत मांडावयाचे. आमच्या डॉक्टर मित्रांनी क्षमा करावी. परंतु डॉक्टरांच्या लेखणीस हे सर्वांत अवघड जाते. शोधनिबंधात सर्व शंका नोंदवून थांबता येते. टिपणात मात्र कोणता पर्याय स्वीकारावा हे सांगून त्याच्या खर्चाची जबाबदारी घ्यावी लागते.

असे ज्ञान कोठे उपयोगी पडते याचे एक उदाहरण आमच्या प्रांतातील, म्हणजे पैशाचे आहे. अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा खर्च बव्हंशी मेडिकेअर योजना रुग्णालयांना देते. १९९७ सालच्या अर्थसंकल्प-संतुलन कायद्याने असे ठरवले की १९९६ साली ज्या रुग्णालयात जितके निवासी डॉक्टर होते, तितक्यांचाच खर्च यापुढे मिळेल. मोठ्या शहरांतील रुग्णालयांकडे जागा होत्या, त्या राहिल्या. खेड्यापाड्यांतील रुग्णालयांकडे नव्हत्या, त्यांचा आकडा शून्यावर राहिला. डॉक्टर जेथे प्रशिक्षण घेतो त्याच्या आसपास बहुधा स्थायिक होतो, हे आपणही जाणतो. तेव्हा एका वर्षाच्या हजेरीपटावरून पुढील अनेक वर्षे डॉक्टर कोठे मिळतील हे ठरून गेले.

या नियमास एक वाट होती. पूर्वी कधीच निवासी डॉक्टर न घेतलेल्या रुग्णालयास नवा कार्यक्रम सुरू करून स्वतःची मर्यादा मिळवता येत असे. परंतु काही लहान रुग्णालयांत दुसऱ्या संस्थेचे एखाद-दुसरे निवासी डॉक्टर थोड्या आठवड्यांसाठी येऊन गेले होते. केवळ सौजन्य म्हणून त्यांना ठेवून घेतलेले. तेवढ्यावरून त्या रुग्णालयांचे दरडोई अनुदान किंवा जागांची मर्यादा कायमची तोकडी ठरली. सौजन्य दाखवणाऱ्या डॉक्टरांना या कलमाची कल्पना असती तर? ही अडचण दूर करण्याची तरतूद २०२० च्या डिसेंबरात संमत झालेल्या कायद्यात झाली. त्याच कायद्याने देशभरात एक हजार नव्या जागाही दिल्या, वर्षाला दोनशेपर्यंत.

त्याआधी २०१० सालच्या आरोग्यसुधारणा कायद्याने निराळा मार्ग काढला होता. रुग्णालयांऐवजी वस्तीतील आरोग्यकेंद्रांना निवासी डॉक्टर शिकवण्यासाठी थेट पैसा देण्याची योजना आली व पहिल्या पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलरची तरतूद झाली. कुटुंबवैद्यकावर भर देणाऱ्या ऑस्टिओपॅथिक शाखेस ही योजना मानवणारी होती. मुदत संपत आली की दरवेळी संसदेचे दार ठोठवावे लागते, हा तिचा दोष. धर्मादाय संस्था चालवणाऱ्यांस तो समजावून सांगण्याची गरज नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. डॉक्टरांना धोरणाचे शिक्षण दिले की ते आपल्याच व्यवसायाची वकिली करतील. या शाखेचे डॉक्टर व विद्यार्थी दरवर्षी वॉशिंग्टनला लोकप्रतिनिधींच्या भेटीस जातात, आणि त्यांच्या मागण्यांत व्यवसायाचे हित असतेच. आम्हांस यात आक्षेपार्ह काही वाटत नाही, पण दोन हितांची सरमिसळ होते तेव्हा टिपण वाचणाऱ्याने सावध असावे. २०२० पासून डी.ओ. व एम.डी. या दोन्ही पदव्यांच्या निवासी प्रशिक्षणास एकच मान्यता-व्यवस्था लागू आहे. अस्तित्वाची जुनी लढाई बरीचशी संपली. आता या शिक्षणाचा कस लागेल तो ज्या गावात डॉक्टरच नाही त्या गावाच्या प्रश्नावर.

आपल्या रुग्णालयाचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशाने धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना लागू झाली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. उत्पन्नाच्या मर्यादा त्यानंतर वाढवण्यात आल्या. या योजनेसंबंधी बैठक असली की आमच्याकडून जातो कोण? आम्ही, आणि आमचे लेखापाल. निधीत शिल्लक किती हे आम्ही बिनचूक सांगतो. परंतु एका डायलिसिसच्या रुग्णाने वर्षभरात निधी किती वापरला, तो मध्येच का थांबला, थांबल्यावर त्याचे काय झाले, हे सांगू शकणारा डॉक्टर त्या वेळी बाह्यरुग्ण विभागात पन्नासावा रुग्ण तपासत असतो. खुर्ची रिकामी राहते असे नव्हे. तीवर आम्ही बसलेले असतो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवला आहे. दरवर्षी दोन डॉक्टरांना, त्यांपैकी एक शक्यतो तरुण, महिन्यातून दोन दिवस कामातून मोकळे करावे. त्यांनी धर्मादाय योजना, शासकीय विमा योजना आणि रुग्णालयाची देयके यांचा आमच्यासमवेत अभ्यास करावा व वर्षाअखेरीस प्रत्येकी एक टिपण लिहावे, मराठीत, चार पानांहून अधिक नाही. संबंधित कार्यालयातील बैठकांना त्यांनी आमच्याबरोबर यावे. त्या दिवसांत त्यांच्या जागी येणाऱ्या डॉक्टरांच्या मानधनाचा हिशेब अंदाजपत्रकाच्या मसुद्यात जोडला आहे. अतिदक्षता विभागाच्या प्रमुखांनी महिन्यातून दोन दिवस जड जातील असे कळवले असून, त्यांच्यासाठी दीड दिवसाचा पर्याय तपासून पाहत आहोत. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय निर्णयासाठी येईल.