समाजशास्त्र शिकून पोरगी काय होणार?

(क्रांती चौकातल्या धरण्यात एका कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलले तसेच उतरवून घेतले आहे.)



माझ्या आधी सगळे कायद्यावर बोलले. मी शिकण्यावर बोलते. काल रात्री इथंच मांडवात एका मामाने मला बाजूला घेतलं. म्हणाले, "पोरगी बारावी झाली. समाजशास्त्र घ्यायचं म्हणते. ते घेऊन ती काय होणार?" त्यांनी दोन शेळ्या विकून पैसे ठेवलेत. शेळ्या विकलेल्या माणसाला गोड गोड बोलून फसवायचं नाही.

तर मामा, ऐका. या पदवीवर थेट नोकरी जवळपास नाही. "समाजशास्त्रवाला पाहिजे" अशी जाहिरात आपल्या तालुक्याला लागत नाही. तलाठी, एमपीएससी इथं कोणतीही पदवी चालते, तिथं हीपण चालते. यूपीएससीला हा विषय घेता येतो. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि वर नेट नाहीतर सेट. तेवढं करूनही तासिकेवर राबणारे मास्तर मी पाहिलेत. संस्थांना बऱ्याचदा एम.एस.डब्ल्यू. लागते, ती वेगळी पदवी, हे आधी कुणी सांगत नाही. आणि संस्थेचा प्रकल्प संपला की पगार संपला. मी स्वतः दोनदा घरी बसले आहे.

मग उपयोग काय? माझी माय मला म्हणायची, "समाज तर मलाबी कळतो, त्याला कॉलेज कशाला?" तिचं खरं होतं. पण तिला कळतं ते कागदावर नव्हतं, आणि कचेरी फक्त कागद वाचते.

आमच्या गावच्या एका आजीचा वनहक्काचा दावा "पुरावा नाही" म्हणून परत आला. तेव्हा मी एम.ए.ला होते. नियम १३ वाचला. त्यात म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब चालतात, दावेदाराचा स्वतःचा सोडून. बांध, घर, विहीर, देवाची जागा, मसणवटा चालतो. जुन्या कागदात ज्याचं नाव आहे त्याच्यापर्यंत पोचणारी वंशावळ चालते. एकापेक्षा जास्त पुरावे हवेत, एवढंच. उपग्रहाचा फोटो जोडीला चालतो, पण बाकीच्या पुराव्यांऐवजी तोच धरता येत नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीत लिहिलंय. वंशावळ कशी काढायची हे मी वर्गात शिकले होते. परीक्षेपुरतं पाठ केलेलं, ते आजीच्या ओट्यावर कामी आलं.

विचारायचीही रीत असते. "कोणत्या सालापासून कसता?" असं विचारलं की म्हातारी गप्प बसते, नाहीतर घाबरून काहीतरी साल सांगते. "बहात्तरच्या दुष्काळात हा बांध होता का? तुमचं लग्न झालं तेव्हा इथं काय पेरायचे?" असं विचारलं की धडाधड सांगते. हे सांगणं ज्याचं त्याच्या शब्दांत लिहायचं, वाचून दाखवायचं, मग अंगठा. मी चार म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. आजीचा दावा आता जिल्हा समितीपुढे आहे. अजून निकाल नाही, खोटं सांगत नाही.

आदिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचाय. पण आपले बंजारा साथी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत, त्यांना तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं तिथली वस्ती दाखवावी लागते. तिथं वंशावळीशिवाय फाईल उभीच राहत नाही. आणि किनवटकडचे साथी एवढ्या लांब का आले? अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीने नाकारलं तर अपील विभागीय आयुक्तांच्या समितीकडे, हे २०२० ला झालं. आयुक्त इथं बसतात. त्यांच्यासमोर फाईल बोलली पाहिजे.

अजून एक. त्याच नियमात आहे की चांगल्या संस्थेने केलेला अभ्यास हाही पुरावा. म्हणजे आपल्या चालीरीतींवर कोण काय लिहितं याला वजन आहे. मुंबई विद्यापीठातले गो. स. घुर्ये मोठे समाजशास्त्रज्ञ. १९४३ साली त्यांनी पुस्तक लिहून आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटलं. व्हेरियर एल्विनचं मत उलटं. दोघांचा वाद पुस्तकांत गाजला. आपल्या आजोबांना कुणी विचारलं नाही. उलट बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कला जातीवर निबंध वाचला, तो जात सोसलेल्या माणसाने लिहिलेला होता. त्यांनीच १९५० साली या शहरात मिलिंद कॉलेज काढलं. आपल्यातली माणसं अजून लिहिणाऱ्यांत कमी आणि लिहिलं जाणाऱ्यांतच जास्त आहेत.

म्हणून मामा, पोरीला घेऊ द्या समाजशास्त्र, पण डोळे उघडे ठेवून. पहिल्या वर्षापासून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. टायपिंग आणि मोबाईलवर जीपीएसने शेत मोजणं शिकायचं. शासकीय वसतिगृहाचा अर्ज वेळेत भरा. तिथं जागा नाही मिळाली तर स्वयम् योजनेचा भरा, चौकशी प्रकल्प कार्यालयात. जातीचा दाखला आणि पडताळणी आत्ताच करून ठेवा, ऐन वेळी तेच अडतं. तिसरी शेळी मात्र विकू नका.

पोरगी मागं बसलीय, वही घेऊन आलीय. मामांचा स्वतःचा दावा अजून लिहिलेला नाही. भाकरी खाऊन झाली की आम्ही दोघी त्याला बसतो.