‘केस’ : खाणीच्या गांवांतला मुलगा

‘केस’ हें चित्रपटाचें नांव मराठी कानास चमत्कारिक लागतें. केन लोच या इंग्रज दिग्दर्शकाच्या १९६९ च्या या चित्रपटांत तें एका लहान ससाण्याच्या मादीचें नांव आहे. तिचा धनी बिली कॅस्पर हा यॉर्कशायरमधील बार्न्स्ली या कोळशाच्या खाणींच्या गांवांत राहणारा किरकोळ अंगाचा मुलगा. बाप घर सोडून गेलेला. आईला स्वतःच्या विवंचनांतून सवड नाहीं. थोरला भाऊ खाणींत राबतो आणि घरीं राग धाकट्यावर काढतो.

मूळ कादंबरीचे लेखक बॅरी हाइन्स हे खाणकामगाराचे पुत्र, आणि कांहीं काळ व्यायामशिक्षकही होते. फुटबॉलच्या तासाचा प्रसंग इतका झोंबतो, तो उगीच नव्हे. मास्तरच कप्तान, मास्तरच पंच. तरी हार होतेच, आणि तिचा सूड म्हणून बिलीला थंड पाण्याच्या फवाऱ्याखालीं कोंडण्यांत येतें. ही भूमिका करणारे ब्रायन ग्लोव्हर प्रत्यक्षांतही शिक्षक होते, शिवाय मल्ल! प्रेक्षक हंसतो, आणि हंसतां हंसतां ओशाळतो.

बिली घरट्यांतून ससाण्याचें पिलूं आणतो. वाचनालय त्याला दाद देत नाहीं, तेव्हां पक्षी शिकविण्याचें पुस्तक तो दुकानांतून चोरतो. शाळेनें ज्याला मठ्ठ ठरविलें, तोच हें पुस्तक जिद्दीनें वाचून पक्ष्याला हातावर बोलावूं लागतो. एक सहृदय शिक्षक त्याला वर्गापुढें बोलावयास लावतात, आणि सारा वर्ग स्तब्ध होऊन ऐकतो. ससाणा शिकतो, पण माणसाळत नाहीं, असें बिलीचें मत. चित्रपटाचें सारें मर्म या बोलण्यांत आहे. बिलीला पक्ष्याचें प्रेम नको असतें, त्याचा रानटी ताठा तेवढा हवा असतो.

परंतु या विद्येला गिऱ्हाईक कोण? त्या काळीं इंग्लंडांत अकराव्या वर्षींच्या परीक्षेनें मुलांच्या वाटा निराळ्या होत, आणि बिलीसारखीं मुलें पंधराव्या वर्षीं शाळेबाहेर पडून कामाला लागत. नोकरीविषयीं सल्ला देणारा अधिकारी त्याला ठराविक प्रश्न विचारतो. खाणींत जावयाचें नाहीं, एवढेंच बिलीला ठाऊक. ससाण्याची गोष्ट त्या खोलींत निघतच नाहीं.

भावानें घोड्यांवर लावावयास दिलेले पैसे बिली खाण्यावर उडवितो. ते घोडे नेमके जिंकतात, आणि संतापलेला भाऊ केसला मारून टाकतो. बिली तिला पुरतो, आणि चित्रपट तेथेंच थांबतो.