पहिला विमा उतरवताना

(सुवर्णमहोत्सवी कुटुंबमेळाव्यात एका तरुण दांपत्याने केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांला बोलावयास सांगितले तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हणालो. लग्नाला पुरती तीन वर्षे झाली नाहीत. संसारावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? पण विषय ऐकल्यावर नाही म्हणवेना. २०२५ च्या जून महिन्यात आम्ही आमचा पहिला आरोग्य विमा उतरवला, आणि त्यापायी घरात जेवढी चर्चा झाली तेवढी आमचे लग्न ठरतानाही झाली नव्हती. भाषण वाचणार एकजण असला तरी लिहिले दोघांनी मिळून आहे. तेव्हा 'आम्ही' हा शब्द मोठेपणाचा नाही, एवढे कृपा करून ध्यानात घ्यावे.

आरंभी एक ऋण सांगितले पाहिजे. २०११ साली आमच्या बाबांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. विमा नव्हता. या न्यासाच्या वैद्यकीय निधीतून तेव्हा १५,००० रुपये मिळाले, काही नातेवाइकांनी दिले, आणि उरलेल्या रकमेसाठी आईच्या पाटल्या गेल्या. न्यासाचे पैसे बाबांनी पुढे फेडले. पाटल्या काही परत आल्या नाहीत. आईने तो विषय कधी काढला नाही, पण लग्नात सुनेला हातात घालावयाला काही नाही म्हणून ती ओशाळली होती, हे आम्ही दोघांनीही पाहिले आहे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या मंडळींनी हा न्यास काढला त्यांच्या काळी आजारपणाचा असा विमा सामान्य गृहस्थाला मिळतच नव्हता. मेडिक्लेम नावाची गोष्ट सरकारी विमा कंपन्यांनी आणली ती १९८६ साली. त्याआधी आजार म्हणजे शेजार, सोयरे, आणि आपल्यासारखा एखादा न्यास. तो आधार आजही हवाच. परंतु आजचा इस्पितळाचा खर्च वर्गणीतून भागवावयाचा म्हटले तर न्यासाचा निधी दोन-चार कुटुंबांतच संपेल.

आता कोणी म्हणेल, नोकरीत विमा असतोच. आमच्यापैकी एकाला मकरपुऱ्याच्या कारखान्यात तो आहे, ३ लाखांचा. पण तो कारखान्याचा आहे, आमचा नाही. ज्या दिवशी नोकरी सुटेल त्या दिवशी तोही सुटेल. दुसरी बाब अधिक महत्त्वाची. स्वतंत्र विमा उतरवला की त्यातले प्रतीक्षाकाल त्या दिवसापासून मोजले जाऊ लागतात. पहिले ३० दिवस अपघाताखेरीज कशाचेच पैसे मिळत नाहीत; हर्निया, मोतीबिंदू अशा ठरावीक दुखण्यांना बहुधा दोन वर्षे थांबावे लागते; आणि आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त ३ वर्षे. हा शेवटचा काळ पूर्वी ४ वर्षांपर्यंत असे, २०२४ पासून तो कमी झाला. तेव्हा ही घड्याळे तिशीच्या आत, अंग धड असतानाच सुरू करावी, असे आम्हांला वाटले.

चार कंपन्यांची पत्रके आणली. ज्याने त्याने विचारले ते एवढेच: "किती लाखांचा? आणि हप्ता किती?" आम्हीही प्रथम त्याच वाटेने गेलो. पण आमच्या काकांचा २०२२ सालचा अनुभव आठवला आणि आम्ही पत्रके उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचू लागलो.

काकांचा विमा होता ३ लाखांचा. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, सहा दिवस इस्पितळात होते. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे आम्ही थोडे गोल करतो. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा होती विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. काकांनी खोली घेतली ६,००० ची. त्यांचा हिशेब असा, की जास्तीचे रोजचे ३,००० आपण भरू. सहा दिवसांचे १८,००० होतात, काही हरकत नाही, काकूला रात्री निजावयास जागा तरी होईल. बिल झाले २,२६,००० चे: खोलीचे ३६,०००, शस्त्रक्रिया, डॉक्टर, शुश्रूषा यांचे मिळून १,४०,०००, आणि औषधे व तपासण्यांचे ५०,०००. कंपनीने दिले १,३८,०००. काकांना पदरचे भरावे लागले ८८,०००.

हे कसे झाले? खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची, म्हणून कंपनीने खोलीचे भाडेच केवळ नव्हे, तर शस्त्रक्रियेचा व डॉक्टरांचा खर्चही निम्म्यावर आणला. इस्पितळे खोलीच्या दर्जाप्रमाणे बाकीचेही दर लावतात, हे त्यामागचे कारण. औषधे आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, असा नियम आहे, म्हणून ते ५०,००० तरी पुरते मिळाले. काका आठ दिवस विमा कंपनीला चोर म्हणत होते. पण अट छापलेली होती. वाचली कोणीच नव्हती, आम्हीसुद्धा. त्यांच्याच वर्षी आम्ही त्यांना पॉलिसी आणून देण्यात मदत केली होती, म्हणून ते बोलणे आम्हांला अधिक लागले.

म्हणून आम्ही पहिली अट घातली ती ही, की खोलीभाड्यावर मर्यादा नको, किंवा असली तर 'एकट्याची साधी खोली' अशी असावी, रुपयांत नसावी. दुसरी, प्रत्येक बिलात आपला अमुक टक्के वाटा, अशी अट तरुण माणसाने पत्करू नये. एवढे पाहिल्यावर चारांपैकी दोन पत्रके आपोआप बाजूला पडली. त्यांत सर्वांत स्वस्त होते तेही गेले. रक्कम १० लाखांची घेतली, दोघांत मिळून एकच. ५ लाखांवरून १० वर जाताना हप्ता काही दुप्पट होत नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

बाळंतपणाच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा मात्र मतभेद झाला. ती सोय असलेल्या योजनेचा हप्ता बराच जास्त, आणि आमच्या पुढ्यातल्या योजनेत त्यासाठी दोन वर्षे थांबावे लागणार. एकाचे म्हणणे, होईल तो खर्च आपण साठवू. दुसरीचे म्हणणे, खर्च साठवता येईल, पण मूल अपुऱ्या दिवसांचे झाले आणि काचेच्या पेटीत ठेवावे लागले तर? बाळंतपणाची सोय असलेल्या काही योजनांत बालकाला पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. नसेल तर ते पुष्कळदा ९० दिवसांचे झाल्यावरच नाव घालता येते. तीन रात्री हा वाद चालला. शेवटी दुसरीचे ऐकले. बरोबर केले की नाही हे अजून आम्हांला ठाऊक नाही; पैसे मात्र ओढून ताणून भरतो आहोत.

आता फॉर्मची हकिकत. आमच्यापैकी एकीला लग्नाआधीपासून थायरॉईडची गोळी चालू आहे. नवऱ्याला हे पहिल्या भेटीतच सांगितले होते. सासरी मात्र सांगितले नव्हते. स्थळ मोडेल या भीतीने माहेरच्यांनी सांगू दिले नाही, आणि नंतर सांगावयाचे राहून गेले. गोळीची बाटली कपाटात साड्यांच्या मागे असे.

विमा प्रतिनिधी ओळखीचे, वडिलांच्या वयाचे. ते दिवाणखान्यात बसून एकेक प्रश्न विचारीत मोबाईलवर टिपून घेत होते. आई चहा घेऊन तिथेच उभी. "काही आजार? रोजची गोळी?" क्षणभर कोणी बोलेना. मग आमच्यातली ती म्हणाली, "थायरॉईड. सहा वर्षांपासून." प्रतिनिधी हसून म्हणाले, "बेन, ए बधुं लखवानी जरूर नथी. गोळी तो आखुं वडोदरा खाय छे." आम्ही म्हटले, नाही, लिहाच.

आईने चहा ठेवला आणि काही न बोलता आत गेली. आता काय होणार म्हणून आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. आई परत आली ती हातात डबी घेऊन. रक्तदाबाच्या गोळ्या. दोन वर्षे ती देवघराच्या खणात ठेवून गुपचूप घेत होती. मुलाच्या लग्नाच्या खर्चात आपली आणखी भर नको म्हणून. "मग माझंही लिहून घ्या," एवढेच म्हणाली. बाबा वर्तमानपत्राआडून बघतच राहिले.

आईबाबांचा विमा मग वेगळा उतरवला. एकाच पॉलिसीत घातले तर सगळ्यांत वडील माणसाच्या वयावर हप्ता ठरतो, आणि त्यांच्या आजारपणात आमची रक्कमही संपण्याची भीती. पूर्वी ६५ च्या पुढच्या माणसाला नवी पॉलिसी मिळणे फार कठीण असे. २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना सर्व वयांसाठी योजना ठेवावयास सांगितले आहे. तरी बाबांना एका कंपनीने नाकारलेच. दुसरीने घेतले ते २० टक्के वाटा आणि हृदयविकारासाठी ३ वर्षे थांबण्याच्या अटीवर. त्यांच्या वयाला याहून बरे मिळत नव्हते. इथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी ज्यांना ७० पूर्ण झाली आहेत त्यांनी आयुष्मान भारतचे कार्ड काढले नसेल तर काढावे. ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना उत्पन्नाची अट नाही, आणि वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात.

आमची पॉलिसी आठ दिवसांत आली. चाळीस पाने. एका रविवारी दुपारी आम्ही दोघे जमिनीवर बसून ती वाचली. एकाने मोठ्याने वाचावे, दुसरीने बोट ठेवावे. शेवटी आपण भरलेल्या फॉर्मची प्रत जोडलेली असते. तिथे 'पूर्वीचा आजार' या रकान्यापुढे छापले होते: नाही.

आम्ही सांगितले होते, घरभर ऐकू गेले होते, आणि तरी 'नाही'. त्या गृहस्थांनी आमचे भले करावयाचे म्हणूनच तसे केले असावे, हप्ता वाढू नये म्हणून. पण मोबाईलवर आलेला आकडा, तो ओटीपी, आम्हीच त्यांना वाचून दाखवला होता. पूर्वी अंगठा उठवीत, आता तो आकडा सांगतात. कायद्याने ते म्हणणे आमचे झाले. पाच वर्षे अखंड विमा चालल्यावर फसवणूक सिद्ध केल्यावाचून कंपनीला जुन्या माहितीवरून दावा नाकारता येत नाही. पण त्या पाच वर्षांच्या आत काही झाले असते तर त्या एका 'नाही'वर सगळे अडले असते.

पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते किंवा चूक कळवता येते. आम्ही त्याच रात्री कंपनीला पत्र लिहिले, रक्ततपासणीचा अहवाल जोडला. हप्ता १,४०० रुपयांनी वाढला, थायरॉईडला ३ वर्षांची अट लागली, आणि त्या रकान्यात 'होय' आले. ते प्रतिनिधी काही दिवस आमच्यावर रुसले होते. दिवाळीला फराळाला आले.

एक गंमत सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला. आम्ही जूनमध्ये भरून बसलो होतो! काका म्हणाले, "बघा, घाई नडली." पुढच्या हप्त्याला ती सवलत मिळेलच. आयकराची सवलत मात्र जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यांनाच आहे. नव्या पद्धतीत ती नाही, तेव्हा तिच्या आशेने कोणी विमा उतरवू नये.

दावा अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तिथे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे. गुजरातसाठी ते कार्यालय अहमदाबादला आहे आणि तिथे फी नाही. काकांना हे आम्ही उशिरा सांगितले, आणि तसेही त्यांच्या बाबतीत अट स्पष्ट होती.

चिटणीसांच्या परवानगीने आमच्या पॉलिसीची एक प्रत, नावे झाकून, न्यासाच्या वाचनालयात ठेवली आहे. काकांच्या बिलाचा कागदही तिला जोडला आहे. ज्यांना फॉर्म भरावयाचा आहे त्यांनी रविवारी दहा ते बारा यावे. आम्ही तिथे असू. येताना रोज घेता त्या गोळ्यांची पाकिटे बरोबर आणावी. घरात कोणाला न सांगता घेता, त्यासुद्धा.