‘फुकट’चा हिशेब
(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



कुटुंब नियोजन हा विषय आपल्या सभांत निघत नाही. हळदीकुंकवाला कुजबुजत निघतो, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत निघतो. आज आम्ही तो व्यासपीठावर मुद्दाम काढत आहोत, कारण त्यात आपल्या करांचा पैसा आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई खानवेलच्या पलीकडच्या गावच्या. दोन मुलांत अंतर हवे म्हणून त्या तांबी बसवून घ्यायला निघाल्या. आम्ही सहज म्हणालो, “सरकारी दवाखान्यात फुकट असतं ना!” त्या म्हणाल्या, “फुकट कसलं, ताई? माझा रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचा बुडतो, गाडीभाडं वेगळं. आणि तपासायला परत बोलावतात.” आम्ही गप्प झालो.

खर्च कोणी करायचा हा वाद जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ते स्वतःच्या हिमतीवर. १९३८ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे रोहम यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला, की संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात. ठराव फेटाळला गेला. पुढे १९५२ साली स्वतंत्र भारताने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि सरकारची तिजोरी उघडली.

पण पैसा आला तो उद्दिष्टांचे आकडे घेऊन. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकसुद्धा मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. २०१४ साली छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ शस्त्रक्रिया केल्या. तिथल्या शिबिरांनंतर तेरा बायका दगावल्या. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये नसबंदीची शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असा आदेश दिला.

आता आजचा हिशेब पाहा. आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे कवच आहे, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. गोळ्या, तांबी, ‘अंतरा’चे इंजेक्शन ही सगळी बाह्यरुग्ण विभागातली कामे, त्यांचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. आपण मेडिक्लेम घेतो, त्यातही बहुधा ‘गर्भनिरोध व नसबंदी’ वगळलेले असते. पॉलिसी काढून वाचा.

बुडालेल्या रोजाचे पैसे कोणी देतच नाही असे नाही. नसबंदी केली तर सरकार त्यापोटी रक्कम देते. ईएसआयचे सभासद असलेल्या कामगाराला पुरुष नसबंदीसाठी सात दिवस आणि स्त्री नसबंदीसाठी चौदा दिवस पूर्ण पगाराइतका लाभ मिळतो. चांगलेच आहे. पण बहुतेक भरपाई शेवटच्या उपायाला बांधलेली आहे. जिला नुसते तीन वर्षांचे अंतर हवे, तिने आपल्या खिशातून भागवायचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्के स्त्री नसबंदीवर अवलंबून होती, पुरुष नसबंदीवर ०.३ टक्के. याला कारणे अनेक आहेत. पण पैसा कुठे ठेवला आहे, हे त्यातले एक कारण आहे असे आम्हाला वाटते.

म्हणून मंडळाने मागणी करावी. सर्वांसाठी आरोग्य म्हणायचे असेल तर बाईने निवडलेल्या कोणत्याही साधनासाठी गाडीभाडे आणि एका दिवसाचा रोज मिळावा. साधन कोणते, यावर रक्कम ठरू नये, म्हणजे तो पैसा तिचा निर्णय विकत घेणार नाही. ठरलेल्या वारी ही सेवा गावाजवळच्या केंद्रात मिळावी, म्हणजे फेऱ्याच कमी होतील. आणि नवऱ्यालाही समोर बसवून सल्ला द्यावा.

ही मागणी कोणाकडे करायची? आपल्याला विधानसभा नाही. २०२० साली दमण-दीवशी विलीनीकरण झाले तरी ती मिळाली नाही. आरोग्य अभियानाचा आपला पैसा पूर्ण दिल्लीतून येतो. तेव्हा आपल्या खासदारांना आणि जिल्हा पंचायतीच्या सभासदांना हा प्रश्न मतांच्या वेळी विचारायचा, हाच आपला मार्ग.

आणि शेवटचे, आपल्याच घरचे. आपली जुनी घरे. आपण खाजगी डॉक्टरांना पैसे देऊन मोकळे होतो. पण आपल्या दुकानांत, कारखान्यांत, स्वयंपाकघरांत जी माणसे राबतात, त्यांचा रोज आपणच कापतो. सरकार करील तेव्हा करील. दवाखान्याच्या त्या एका दिवसाचा पगार आपण उद्यापासून कापायचा नाही, आणि कशाला गेली होतीस असे विचारायचेही नाही. आमच्या घरी आम्ही हे सुरू केले आहे. आपणही करावे, ही विनंती.