तळटीप : सामायिक ज्ञानाची साक्ष

तासगांवच्या कचेरीवर ३ सप्टेंबर १९४२ रोजीं लोकांचा मोठा मोर्चा गेला. हें तासगांव कोणत्या जिल्ह्यांतलें? जुन्या कागदांत तें सातारा जिल्ह्यांत असतें, नव्या पुस्तकांत सांगली जिल्ह्यांत. विद्यार्थ्यानें कोणतें खरें मानावें? दोन्हीहि खरीं आहेत. १९४९ सालीं सातारा जिल्हा विभागून दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. परंतु कोणतें विधान कोणत्या सालच्या ग्रंथांतून घेतलें हें खालीं नोंदविलेलें नसेल, तर हा उलगडा होत नाहीं. एका ओळीच्या टीपेवांचून एक खरा ग्रंथ खोटा ठरतो.

आधार दाखविण्याची ही शिस्त कृष्णाकांठाला नवी नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं वाई येथें मिळालेलीं पत्रें १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडांत छापलीं. मिरजेस शिक्षक असलेले वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें निवडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. दोघांच्या श्रमाचा अर्थ एकच होता : ऐकीव हकीकतीवर न विसंबतां मूळ कागद वाचकापुढें ठेवावा.

पुढें वाईसच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम चाललें. त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. त्यांतील नोंदीच्या शेवटीं संदर्भग्रंथ असतात, तसेंच लिहिणाऱ्याचें नांवहि असतें. वाचक त्या नांवावर आणि संपादकांच्या अधिकारावर विश्वास ठेवतो.

१ मे २००३ रोजीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची गोष्ट निराळी आहे. तेथें कोणीहि लिहावें व कोणीहि दुरुस्त करावें. कोणी काय बदललें याची नोंद राहते, पण ती बहुधा टोपणनांवाची. लेखाखालीं पंडिताची सही नाहीं. माणसाची साक्ष जेथें मिळत नाहीं, तेथें कागदाचीच साक्ष काढावी लागते. म्हणून अशा सामायिक कोशांत तळटीप हा अलंकार नव्हे, तो पाया आहे.

आरंभीं टीपांचे आंकडे हातानें घालावे लागत. कोणी मध्येंच एक वाक्य वाढविलें, कीं पुढचे सारे आंकडे चुकत. २००५ सालीं विकिपीडियाच्या मूळ यंत्रणेंत संदर्भाची सोय झाली. विधानाशेजारींच दोन खुणांच्या मध्यें ग्रंथ, लेखक, साल व पृष्ठ लिहावें. आंकडा यंत्र घालतें आणि सर्व टीपा लेखाच्या तळाशीं ओळीनें मांडतें. परिच्छेद हलविला तर टीप त्याच्याबरोबर जाते. एकच ग्रंथ दहा ठिकाणीं लागला, तर त्यास एक खूणनांव देऊन पुन्हां पुन्हां बोलावतां येतें. अनेक हातांनीं लिहिलेल्या लेखांत विधान आणि आधार यांची ताटातूट होऊं नये, हाच या युक्तीचा हेतु.

तथापि यंत्र आंकडा घालतें, सत्य घालीत नाहीं. न वाचलेल्या ग्रंथाचें नांव देणें ही खोटी साक्ष होय. याहून फसवा प्रकार असा : कोशांतील निराधार वाक्य एखादें वर्तमानपत्र उचलतें, आणि मग त्याच वर्तमानपत्राचा आधार कोशांत दिला जातो. सावलीनें सावलीला जामीन राहावें, तसा हा व्यवहार आहे.

सर्वांत अवघड प्रश्न न लिहिलेल्या इतिहासाचा. ७ जून १९४३ रोजीं शेणोली येथें तुफान सेनेनें सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडविली. प्रतिसरकारच्या अशा भूमिगत कामांत कागद ठेवणें म्हणजे सोबत्यांस पकडून देणें. तें ज्ञान माणसांच्या तोंडीं राहिलें, आणि तीं माणसें एकेक करून गेलीं. आधार नाहीं म्हणून त्यांच्या हकीकती गाळाव्या, कीं आधाराविना छापाव्या? २०११ सालीं हिंदी, मल्याळम् व दक्षिण आफ्रिकेंतील सेपेडी या भाषांसाठीं तोंडी मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांचाच संदर्भ देण्याचा प्रयोग झाला. तिसरा मार्ग आहे, हें त्यानें दाखविलें.

अशा मुलाखतीखालीं सांगणाराचें नांव, गांव, तारीख, आणि त्यानें तें स्वतः पाहिलें कीं ऐकलें, एवढें तरी नोंदविलेलें असावें. मग ती मौखिक साक्ष आहे हें वाचकाला कळेल, आणि तिचें वजन तो आपलें आपण ठरवील. सातारा-सांगलीकडे ज्या घरांत वडिलांच्या तोंडून या दिवसांच्या गोष्टी ऐकलेलें कोणी अजून आहे, तेथें ही नोंद आजच करणें शक्य आहे. टीप मागाहून घालतां येते. साक्षीदार मागाहून आणतां येत नाहीं.